बाबाच्या डोंग्यावरची बॅटरी

दोस्तहो, आज आईले घेऊन पुसदले बॅटरीच्या दुकानात गेलतो.

बाबा धरणात डोंग्यात बसून मासे धरत. डोंग्यावरच्या लाइटसाठी ही बॅटरी होती. बाबा गेले तेव्हा मी पुण्यात कामाले होतो. आईनं बॅटरी घरी आणून त्यांच्या फोटोखाली ठेवली. दसऱ्याले हळद-कुंकू वाहिलं. बाबाले घरी टाकताना पाह्यलं होतं, तसंच झाकणं उघडून बॅटरीचं पाणीही टाकत राह्यली. आता डोंगा मी चालवणार, म्हणून आज ती तपासायले नेली.

दुकानदारानं मान हलवली. "मावशी, पाणी बरोबर आहे. पण चार्जिंगच नाही झाली. नुसती पडून राह्यली त बॅटरी मरते."

"पाणी त मी टाकतच होती नं, भाऊ," आई म्हणे.

चार्जिंग व्हायची डोंग्यावरच्या सोलर प्लेटवर. ते आईले माहीतच नोतं. ती त्या डोंग्यात कधी बसलीच नाही.

जुनी बॅटरी देऊन नवीन घेतली. येताना आईनं नवीन बॅटरीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुह्या बाबानं एकदा तरी मले डोंग्यात न्यायले पाह्यजे होतं रे."

तुमच्या आईनं तुमच्या बाबाचं काम कधी जवळून पाह्यलं का हो?