पडद्याच्या पुढची सीट

आमच्या भावकीत माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. 'हिनं नवऱ्याला विमानात मागं बसवलं आणि आपण पुढं जाऊन तंगड्या पसरून झोपली.' बारशाला सांगतात, साखरपुड्याला सांगतात, आणि सांगताना माझ्याकडं बघून हसतात. पहिल्यांदाच ऐकणारं कुणी असलं तर ते डोळे मोठे करून विचारतं, "खरं हाय का हे?" मी सांगते, खरं आहे. जेवणही चांगलं होतं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत नोकरी करते. पंचतारांकित हे नाव सरकारनं दिलंय, आमच्या कँटीनचा चहा पिऊन कुणी दिलेलं नाही. आमच्याकडं इंजिनाचे भाग ओतले जातात आणि जर्मनीला जातात. तिकडं एखाद्या भागात पोकळी सापडली की तिकडून ईमेल येतो आणि इकडून मी जाते. गोऱ्या साहेबांपुढं उभं राहायचं, सगळा माल परत का पाठवू नये हे पटवायचं, आणि नाहीच पटलं तर गुमान ऐकून घ्यायचं. तिकीट कंपनी काढणार, म्हणजे स्वस्तातलं स्वस्त. मधली सीट, संडासाजवळची रांग, एका बाजूला घोरणारा आणि दुसऱ्या बाजूला कोपर खुपसणारा. अशा सीटवर बसून बसून माझ्या कमरेतली एक चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, प्रवास कमी करा. साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात निघा.

एवढ्या फेऱ्या बघून त्या विमान कंपनीनं मला एक सोनेरी कार्ड पाठवलं. नवऱ्यानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्याचं काय करायचं? लोणचं घालायचं?" कार्ड गेलं फ्रिजवर, लाइटबिलांच्या खाली. माझ्या नवऱ्याचं शिवाजी पेठेत इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. मी परदेशात असले की भाकरी सोडून सगळा स्वयंपाक करतो. पण ते कार्ड माझ्या कमरेच्या बदल्यात आलंय, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही, आणि मीही कधी सांगत बसले नाही.

त्या कार्डावर एक सोय होती. वर्षातून एकदा एका माणसाला साध्या सीटवरून उचलून बिझनेस क्लासात बसवत. तो माणूस म्हणजे आपण स्वतः किंवा आपल्या बरोबरचं कुणीही. कंपनीच्या कामाच्या तिकिटावर ही सोय चालत नसे, स्वस्त तिकीट ना ते. म्हणून ती दर वर्षी वाया जायची.

मग आमच्या मुलीचा जर्मनीत पदवीदान समारंभ आला आणि आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र परदेशी निघालो. तिकिटं या वेळी मी काढली आणि सोय चालेल अशीच काढली. कार्डवाल्या कंपनीची विमानं भरलेली होती, म्हणून तिच्या भागीदार कंपनीचं विमान घेतलं. भागीदार कंपन्या म्हणजे एकमेकींच्या विहिणी. कागदावर आमच्याकडचा मान तुमच्याकडं चालतो. प्रत्यक्षात मागायला गेलं की दोघी तोंड फिरवतात. इकडं फोन केला तर म्हणाले, तिकडं विचारा. तिकडं केला तर म्हणाले, त्यांनाच विचारा. जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमागं उभी राहून मी दोघींशी पोटभर भांडले. शेवटी एका बाईनं कंटाळून माझं नाव वेटिंगला लावलं आणि सांगितलं की सीट रिकामी राहिली तर विमानतळावर कळेल.

'माझं नाव' हे मी मुद्दाम लिहितेय. त्या बाईनं विचारलं होतं, कोणासाठी? आणि मी सांगितलं होतं, माझ्यासाठी.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बरंच काही टाइप केलं, हसली, आणि दोन्ही बोर्डिंग पास माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवले. "काँग्रॅच्युलेशन्स सर, एक सीट अपग्रेड झालीय." नवऱ्यानं चांगला पास निवडला, शर्टाच्या खिशात घातला आणि दुसरा माझ्याकडं दिला. त्यात दुष्टावा काही नव्हता. घरात आंब्याची पहिली फोड त्याच्या ताटलीत जाते तसाच तो पास त्याच्या खिशात गेला. माझा पारा मात्र त्या सहजपणानंच चढला.

"नाव वाचा," मी म्हणाले.

त्यानं पास काढून वाचला. "अगं, तुझं पडलंय चुकून." आणि मुलीकडं वळून म्हणाला, "हे तेवढं माझ्या नावावर करा."

तिनं हात कीबोर्डवर नेला. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, थांबली. "मॅडम, कार्ड तुमचं आहे. चेंज करू?"

मागं रांग होती. बॅगा, लहान पोरं, चुळबुळ. नवरा माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर शंका म्हणून नव्हती. मी हो म्हणणार हे त्याला पाठ होतं.

"नाही," मी म्हणाले. "माझंच राहू दे."

गेटपर्यंत तो माझ्यापुढं चार पावलं चालत गेला. तिथं खुर्चीवर बसल्यावर पुटपुटला, "लोकं बघत होती."

मला त्या क्षणी आठवली ती शाहूवाडीकडची आमच्या गावची जत्रा. लग्नानंतरची पहिलीच. माझे दिवस भरत आलेले. मटणाचा वास पहाटेपासून नाकात. आधी बाप्यांची पंगत बसली, मग पाव्हण्यांची, मग पोराटोरांची, मग पाव्हण्यांतले उशिरा आलेले. आम्ही बायका बसलो तेव्हा दुपार कलली होती आणि पातेल्यात पळी फिरवली की तळाचा खोबऱ्याचा चोथा तेवढा वर यायचा. मी तांबड्या रश्शात भाकरी कुस्करून खाल्ली आणि वर म्हणाले, झकास झालंय. ते झकास माझ्या घशात इतकी वर्षं अडकून बसलंय, हे मला त्या गेटवर समजलं.

पण नवऱ्याला मी जत्रेचं काही बोलले नाही. मी म्हणाले, "स्टेडियममधली तुमची पायरी. कुणाला देता का?"

हे त्याला लागलं. फुटबॉलच्या हंगामात आमच्या पेठेचा सामना असला की त्याची बसायची पायरी ठरलेली. तिच्यावर दुसरा कुणी बसलेला दिसला की हा तिथं जाऊन नुसता उभा राहतो, आणि तो उठतो. एकदा सख्ख्या मेव्हण्याला, म्हणजे माझ्या भावाला, यानं तिथून उठवलं होतं.

"ती माझी हाय," तो म्हणाला. "शाळेत असल्यापास्नं उन्हातान्हात बसलोय तिथं."

"मग? मी कुठं बसलेवते इतकी वर्षं?"

त्यानं आपला पास काढून सीटचा नंबर वाचला. मग मान हलवून हसला आणि आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला. मला आधी बोलावलं. मी गेले.

वाईट वाटलं का, असं मला अजून विचारतात. नाही वाटलं. गरम टॉवेल दिला, तो मानेवर दाबला. जेवण काचेच्या ताटलीत आलं, ते सगळं संपवलं, लोणीसुद्धा ठेवलं नाही. मधे नवरा पडदा सरकवून डोकावला, तर हवाईसुंदरीनं त्याला गोड बोलून परत पाठवलं. मग मी बटण दाबलं आणि ती खुर्ची हळूहळू आडवी झाली. पाय सरळ झाले, टाच टेकली, कंबर टेकली. इतक्या वर्षांत विमानात माझी कंबर पहिल्यांदा टेकली होती. मला रडू आलं. सुखानं आलं आणि रागानंही आलं, आणि दोन्हीला वाट देऊन मी झोपून गेले.

परत आल्यावर नवऱ्यानं ही गोष्ट दुकानात गंमत म्हणून सांगितली. माझ्या बॅगा रिकाम्या व्हायच्या आत ती पेठभर झाली. भाजीवालीपासून सगळे विचारू लागले, "वहिनी, फुडच्या दारानं का मागच्या?" मीही सांगायची, पुढच्या.

घरात मात्र गंमत नव्हती. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडंच असतात. त्यांनी मला समोर बसवलं. "माझा ल्योक मागं आन् तू फुडं? बाईमाणसानं जरा तरी बघावं की गं. त्यो काय म्हणाला न्हाय म्हून तुला चालतंय व्हय?"

"आत्ती, सीट माझी होती."

"आन् नवरा कुणाचा?"

"तोही माझाच. पण सीट पण माझी."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनात. मीठ हवं असलं तरी मुलाला सांगत, तिला म्हणावं मीठ दे. मी मीठ देत होते, पण माफी मागितली नाही. त्या रविवारी मटण केलं आणि एरवी नवऱ्याला जाणारी नळी माझ्या ताटात वाढून घेतली. आत्तींनी बघितलं. नवऱ्यानंही बघितलं आणि गुमान पांढरा रस्सा प्यायला.

एका संध्याकाळी मी वरण्याच्या शेंगा सोलत बसले होते. आत्ती आल्या, समोर बसल्या आणि त्याही सोलायला लागल्या. मग शेंगांकडं बघतच म्हणाल्या, "पाय लांब व्हत्यात व्हय त्यात?"

"होतात."

"पार? निजल्यागत?"

"पार. वर पांघरूण पण देतात."

"आन् जेवाण?"

"बसल्या जागी आणून देतात."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. "बाळंतपणं सोडली तर मी दिवसाची कधी आडवी झाले न्हाय बग," त्या म्हणाल्या. "आन् ताट तर तवाबी कुणी हातात दिलं न्हाय." मग उठून दिवा लावायला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मीठ माझ्याकडंच मागायला लागल्या.

पुढच्या वर्षी मुलीला तिकडं नोकरी लागली आणि तिनं हट्ट धरला, आजीला घेऊन या. आत्तींचा पासपोर्ट झाला. तिकिटं मीच काढली, तिघांची. पुन्हा त्या दोन विहिणी, पुन्हा तेच तिकडं विचारा. या वेळी 'कोणासाठी' विचारल्यावर मी आत्तींचं नाव दिलं आणि घरात अवाक्षर काढलं नाही.

हे मी पुण्य म्हणून केलं नाही. हातातून काढून घेणं वेगळं आणि हातानं देणं वेगळं, एवढंच मला बघायचं होतं.

काउंटरवर सीट मिळाली. या वेळी पास माझ्याच हातात आले, कारण मी हात आधीच पुढं करून उभी होते. मी त्यातला एक आत्तींना दिला आणि सांगितलं, ही पुढची सीट, तुमची.

मला वाटलं होतं, आता त्या नको म्हणतील. पोराला दे म्हणतील. मी त्याची तयारीही केली होती. दोन-तीन चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती.

आत्तींनी पास डोळ्यांजवळ धरला. "ही तुझीच न्हवं?"

"माझीच. मी तुम्हाला देतेय."

"बरं," त्या म्हणाल्या. पासाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत सारली आणि पिशवीची नाडी आवळली.

नवऱ्यानं हसत हसत खडा टाकून बघितला. "आई, तुला त्यातली बटणं कळायची न्हाईत. मला दे, माझं गुडघं लई दुखायल्यात."

आत्तींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग तू काढ की तुझं कार्ड," त्या म्हणाल्या, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि सगळ्यांच्या आधी आत जायच्या दाराकडं चालू लागल्या, विमानाला अजून बराच अवकाश असताना.