गोदूआत्याच्या आवाजाला दुसरं कुलूप

मार्चच्या पहिल्या रविवारी, माघ वद्य अष्टमीला, भर दुपारी सोनूबाई मागच्या पडवीत बसून गोदूआत्याचा आवाज ऐकत होत्या. ओहोटीने खाडी पार आटली होती. पलीकडे मिठागराचे चौकोन पडले होते, काही पाण्याने भरलेले, काही मिठाने पांढरे झालेले. अशा उन्हात डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सगळं सारखंच पांढरं दिसतं. त्या पांढऱ्यातून आत्याचा आवाज लांबून चालत आल्यासारखा यायचा, जवळ यायचा, खोकायचा, हसायचा आणि पुन्हा गाऊ लागायचा.

गोदूआत्या म्हणजे सोनूबाईंच्या नवऱ्याची आत्या, आसपासच्या दहा-बारा गावांची धवलारीण. आगरी घरातलं लग्न धवलारणीवाचून उभं राहत नाही. ती धवले गात विधी पुढे नेते, देवांना बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात आणून बसवते. सोनूबाईंनी सोळा वर्षं आत्याच्या मागे बसून सुरात सूर मिसळला होता. आत्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी सोनूबाई स्वतः पुढे बसत होत्या, आणि गाताना अजूनही मागून कुणीतरी सूर धरून आहे असं त्यांना वाटायचं.

शेवटच्या पावसाळ्यात आत्या खाटेवर पडून गायली आणि सोनूबाईंनी तिच्या तोंडाशी मोबाइल धरला. अशी अडतीस रेकॉर्डिंग झाली. ती इंटरनेटवरच्या खात्यात जपून ठेवलेली होती, कारण सोनूबाईंचा त्याआधीचा मोबाइल होडीतून उतरताना खाडीत गेला होता. पण त्यात नुसती गाणी नव्हती. मांडवात कुणाकुणाला बोलवायचं हे कळायला घरातलं आतलं ठाऊक असावं लागतं. म्हणून दोन धवल्यांच्या मध्ये आत्या सांगत गेली होती. मधल्या आळीतल्या थोरल्याला जन्म कुणी दिला, कुठल्या घरात पहिलीचं नाव घेतल्याशिवाय दुसरीचं घ्यायचं नाही, कोण मुंबईला गेली म्हणून सांगतात आणि खरं कुठे गेली. "हे गाण्यात घालायचं, तोंडात न्हाय," असं प्रत्येक वेळी शेवटी बजावलेलं. आत्याचा नेमच होता, एका घरातलं दुसऱ्या घरी न्यायचं नाही.

आणि तेच बाहेर जाऊ पाहत होतं.

पौषात एका गोड आवाजाच्या बाईचा फोन आला. "मावशी, तुमचं पार्सल आहे, मोबाइलवर आलेला नंबर तेवढा सांगा." सोनूबाईंनी सांगितला. संध्याकाळी खातं उघडेना. मुलगा जीवन बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याने आणि सून रुचिकाने मिळून अर्ज केले, ओळख पटवली, आणि अकराव्या दिवशी खातं परत मिळालं. अडतीसच्या अडतीस रेकॉर्डिंग जागेवर होती. पण त्या अकरा दिवसांत परक्या शहरातून कुणीतरी दोनदा खातं उघडल्याची नोंद होती. त्यांनी ऐकलं की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं. तेव्हापासून लग्नघरी गेलं की यजमानिणीच्या नजरेला नजर देताना सोनूबाईंचा सूर हलायचा.

"पुसून टाकू या ना सगळं," रुचिका म्हणाली होती.

"तिला दुसऱ्यांदा जालू?" सोनूबाई एवढंच म्हणाल्या.

मग दुसरं कुलूप लावायचं ठरलं. पासवर्ड हे पहिलं. त्यानंतर सहा आकड्यांचा कोड, दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा, आणि तोही मेसेजने येणारा नको. तो मोबाइलमधल्या एका अॅपनेच दाखवायचा, म्हणजे फोन करून कुणी मागायला नको आणि रेंज नसली म्हणून अडायला नको. रुचिका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, तिथे असं रोजच चालतं. त्या रविवारी ती हात पुसत पडवीत आली आणि सासूच्या शेजारी बसली.

"हे बघा आई, हे सगळ्यात जास्त लोक वापरतात." तिने पहिलं अॅप उतरवलं. "मोबाइल नंबर मागतंय. मग ओळखीच्यांची यादी बघायची परवानगी. मग तुम्ही कुठे आहात ते."

"मी कुठं हाय ते त्याला कशाला?"

"मागतात असंच."

"मांडवाला बांबू दे म्हटलं तर माजघर बघायला मागणारा मानूस मना नको. काढ."

दुसरं दिसायला देखणं होतं. पण ते आपल्या कुलपांच्या किल्ल्यांची प्रत स्वतःच्या कंपनीकडे ठेवायचं, आणि ती तिथे कुणाला वाचता येते की नाही हे कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. वर मध्येच साड्यांची जाहिरात आली.

"साडी बरी हाय," सोनूबाई म्हणाल्या. "अॅप काढ."

तिसऱ्याला नावरूप फारसं नव्हतं. त्याने काही मागितलं नाही. नंबर नाही, नावं नाहीत, ठिकाण नाही. फक्त कॅमेरा, तोही क्यूआर कोडचं चौकटीतलं चित्र एकदा टिपण्यापुरता. रुचिकाने वाचून दाखवलं की हे कसं बनवलंय ते सगळ्यांना बघायला खुलं ठेवलेलं आहे.

"गुपित राखणार आनि सोताच उघडं?"

"पद्धत उघडी, आई. तुमची किल्ली बंद."

सोनूबाईंनी ते धवल्याला लावून पाहिलं. धवल्याची चाल सगळ्या गावाला ठाऊक असते, पोरंसोरंही गुणगुणतात. नावं मात्र ज्या घरची त्या घरीच. "बरोबर हाय मग," त्या म्हणाल्या. "पन रेंज नसताना याला आकडा सांगतो कोन?"

"कोणीच नाही. मोबाइल आणि खातं, दोघांकडे एकच किल्ली एकदा ठेवायची. मग दोघं आपापलं घड्याळ बघतात आणि आपापला हिशेब करतात. उत्तर सारखंच येतं."

सोनूबाईंना हसू आलं. त्या उन्हात त्यांना त्यांचा बाप दिसला, मिठागराच्या बांधावर उभा, उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारावर हात ठेवून. पल्याडच्या तीरावर होडीवाला दोर सोडत होता. दोघांनी जन्मात एकमेकांशी बोलणं केलं नव्हतं, आणि दोघं एकाच घटकेला हलायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. समुद्राला कुणी विचारायला जात नव्हतं, समुद्रही कुणाला निरोप धाडत नव्हता.

"कललं मना," त्या म्हणाल्या. "लाव."

रुचिकाने आपल्या मोबाइलवर खातं उघडलं आणि तिथलं चौकटीतलं चित्र सासूच्या मोबाइलने टिपलं. त्यावर सहा आकडे उमटले. तिने ते खात्यात घातले. चूक. नवे आकडे आले, तेही चूक. तिसऱ्यांदाही चूक. रुचिकाच्या कपाळाला आठी पडली. तिने आपल्या मोबाइलकडे पाहिलं, सासूच्या मोबाइलकडे पाहिलं, आणि डोक्याला हात लावला.

"आई, किती वाजले तुमच्याकडे?"

"बारा पन्नास."

"माझ्याकडे बारा पस्तीस."

मुहूर्ताला धवलारीण उशिरा पोचली तर मांडव खोळंबतो, म्हणून गोदूआत्याने घरातली घड्याळं पंधरा मिनिटं पुढे ठेवली होती. मोबाइल आला तेव्हा सोनूबाईंनी जीवनकडून त्यालाही तीच सवय लावून घेतली होती.

"ट्रेलरवाल्याला हे सुचलं कसं नाही," रुचिका तोंडावर पदर धरून हसायला लागली. "तुमची भरती पंधरा मिनिटं आधी येतेय."

"हस. मी कुनाच्या लग्नाला उशिरा गेलेय का सांग."

पण घड्याळ खरं करायला मोबाइल हातात घेतला तेव्हा सोनूबाईंचं बोट थांबलं. तीस वर्षं हे घर जगाच्या पाव तास पुढे राहिलं होतं. त्या पाव तासात आत्या पदर सारखा करायची, पान लावायची, पहिली ओळ मनात म्हणून बघायची. त्यांनी बोट टेकवलं. पाव तास मागे गेला. एखादी खोली हळूच बंद करावी तसं काहीतरी झालं. पुढचा कोड पहिल्याच खेपेला लागला.

आता एकच काम उरलं होतं. हाही मोबाइल पाण्यात गेला तर किल्लीची कुलूपबंद प्रत हवी होती, आणि तिला एक परवलीचं वाक्य. रुचिका म्हणाली, लांबलचक असू दे, कुठे छापलेलं नको. मग ती पाठ फिरवून बसली. "टाका तुम्ही. मी बघत नाही."

सोनूबाईंना वाक्य लगेच सुचलं. आत्याने तापात गायलेली ती ओळ होती, कुठल्याच मांडवात न म्हटलेली. ती इथे लिहिण्याचं कारण नाही. त्यांनी एकेक अक्षर शोधून निम्मी ओळ लिहिली, आणि थांबल्या. पाठमोरी बसलेली ही मुलगी पाच वर्षं या घरात होती. अडतीसपैकी एकही रेकॉर्डिंग तिने कधी लावून बघितलं नव्हतं. खातं परत आलं त्या दिवशीसुद्धा तिने यादी मोजली आणि मोबाइल सासूच्या हातात ठेवला.

"फिर इकडं," त्या म्हणाल्या. "बघ."

"मला कशाला? मग मी ऐकलं तर?"

"ऐकशील."

"माझ्या माहेरचं आहे त्यात?"

"हाय."

रुचिकाने पदर सारखा केला, तोवर सोनूबाईंनी उरलेली ओळ लिहून पुरी केली. मग ती वळली, ओळ वाचली, पुन्हा वाचली. "हे मला असं नाही लक्षात राहायचं, आई. चाल सांगा."

सोनूबाईंनी ओठ तिच्या कानाशी नेले आणि ओळ गायली, श्वासाएवढ्या आवाजात. दुसऱ्यांदा गायली. तिसऱ्यांदा रुचिका तोंड उघडणार, तोच त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मोठ्यानं न्हाय. मनात म्हण."

रुचिकाने डोळे मिटले. तिचे ओठ आवाजाशिवाय हलत राहिले, आणि सोनूबाई ते बघत राहिल्या, कुठे चुकते का म्हणून.