असेंब्लीचा कंप्युटर

"मॅडम, नवरीचं नाव अर्धं आलं अन् मशीन बसलं."

शंकरमामा माझ्या दुकानाच्या दारात उभे. पायात चप्पल नाही. प्रेसपासून माझं दुकान चार मिनिटांवर, तरी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पळत आलेला. मी म्हटलं, "आधी पाणी प्या. नवरी कुठं पळून नाही जात."

"नवरी नाही हो, मीच जाईन," मामा म्हणाले. "मालकाच्या जावईबापूनं सांगून ठेवलं हाय. हे मशीन गेलं का शंकर बी गेला."

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि आदिलाबादमध्ये माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आत आलेला माणूस आधी मलाच विचारायचा, "मेकॅनिक कुठं गेला?" मी हातातला स्क्रूड्रायव्हर दाखवायची. काही जण तरीही बाकावर बसून मेकॅनिकची वाट पाहायचे. मी त्यांना बसू द्यायची.

देवरावकाकांचा प्रेस लग्नपत्रिकांसाठी प्रसिद्ध. पत्रिकेच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. कारण नवरी इथली, नवरदेव किनवटचा, आणि नवरीचे काका मंचेरियलला कोळशाच्या खाणीत, त्यांचे सारे सोबती तेलुगू. शंकरमामा तिथले कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे. तीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले. मग काकांनी कंप्युटर आणला आणि खिळे मोडीत घातले. मामा पन्नाशीला कीबोर्ड शिकले. घरी पुठ्ठ्यावर चौकोन काढायचे, अक्षरं लिहायचे आणि जेवण झाल्यावर त्यावर बोटं फिरवायचे. असं सहा महिने केलं. त्यांच्या बायकोला वाटलं, नवऱ्याला कसला तरी जप लागला.

मी प्रेसमध्ये गेले आणि डबा उघडला. आत धूळ, कागदाचा भुसा आणि एक मेलेली पाल. पाल निर्दोष होती. मदरबोर्ड गेला होता. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे भाग बसतात ती मोठी पाटी. या मॉडेलची पाटी आता भंगारातही मिळत नव्हती.

एक चीज मात्र शाबूत होती. भाषेचं कार्ड. हे फूटभर लांब असतं आणि मदरबोर्डवरच्या तेवढ्याच लांब खाचेत बसतं. तेव्हाच्या त्या जुन्या मशीनला आपसूक मराठी येत नसे. मराठी आणि तेलुगू अक्षरं या कार्डात भरलेली असत. मी ते माझ्या दुकानातल्या मशीनला लावून पाहिलं. मामांनी बोटं फिरवली आणि पडद्यावर 'श्री गणेशाय नमः' उमटलं. मामांनी पडद्यालाच हात जोडले.

आता प्रश्न नव्या मशीनचा. लग्नसराई तोंडावर आलेली. मी काकांसमोर बसले.

"काका, दोन रस्ते हायेत. एक, कंपनीचा तयार कंप्युटर घ्या. खोक्यातून काढा, प्लग लावा, सुरू. दुसरा, सुटे भाग आनून आपन बांधू."

"बांधू? म्हंजे जोडजाड? जुन्या टायरले रबर चढवते तसा?"

"तसा नाही हो. सारं नवं कोरं. कंपनीवाले बी तेच करतात, फक्त त्यांचं खोकं देखनं असते."

"जावईबापू तर कंपनीचाच घ्या म्हनून राह्यले."

काकांचे जावई हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. काकांच्या कुंडलीत तर बाकीचे नऊ रजेवर होते.

मी समजावलं. "कंपनीचा डबा पातळ येते. मामांचं कार्ड त्याच्यात मावत नाही. आपन बांधला तर लांब खाचेची पाटी निवडता येते."

"मंग कार्ड कायले पायजे? नव्या कंप्युटरमंदी मराठी असतेच म्हनतात जावईबापू. टायपिंगवाला बी तेच तिकडून पाठवनार. शंकरले कागद मोजायले बसवू."

मामा दाराशीच होते. सगळं ऐकून राहिले होते. कागदांचा गठ्ठा हातानं सरळ करत राहिले. गठ्ठा आधीच सरळ होता.

माझं डोकं फिरलं. राग आला की माझ्या तोंडून इंग्रजी सुटतं, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "सोडा कंपनी-बिंपनी! हैदराबादहून असेंबल्ड आनते!"

नेमकं तेव्हाच मागच्या खोलीत छपाईचं मशीन सुरू झालं. धडधड, धडधड.

"कोनता?"

"असेंबल्ड!" मी ओरडले.

काकांचे डोळे मोठे झाले. "असेंब्लीतला? हैदराबादच्या? आमदार बसतात तिथला?"

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. मग मामांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मजबूत असते," एवढंच म्हटलं.

"तुले कसा भेटते?"

"ओळखीनं," मी म्हटलं. हे खरं होतं. हैदराबादला सुट्या भागांचा एक दुकानदार माझ्या ओळखीचा होता.

"मंग आन न बाप्पा! सरकारचाच भेटून राह्यला तं कंपनीचा कायले?"

दुसऱ्या दिवशी मी हैदराबादच्या बसमध्ये होते. बांधायचा म्हणजे काय, तर पाटी, प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, वीज पुरवणारा डबा आणि कपाट अशी वेगवेगळी खरेदी करायची. सगळं मिळालं, पाटीवर अडलं. लांब खाच असलेली पाटी बाजारातून जाऊन राहिली होती. ओळखीचा दुकानदार हसला. "मॅडम, अब ये कौन लेता है?" मी म्हटलं, "एक आदमी की नौकरी का सवाल है." त्यानं पोटमाळ्यावरून एक काढून दिली, वर चहा पाजला.

परतीला पाटी मी मांडीवरच ठेवली. बसच्या टपावर टाकली असती तर घाटातच तिचा भुगा झाला असता. नेरडीगोंड्याला एक म्हातारी वांग्यांची टोपली घेऊन चढली आणि शेजारी बसली.

"खोक्यात काय हाय वं, लुगडं?"

"मदरबोर्ड हाय आजी."

"कोनाच्या मायचं?" तिनं विचारलं. मी आदिलाबाद येईपर्यंत हसत होते.

प्रेसमध्येच बसून मी मशीन बांधलं. दुपार गेली. बटण दाबलं. एक बीप आला. एकच बीप म्हणजे सगळं ठीक, जास्त आले तर कुठला तरी भाग रुसलेला. कार्ड खाचेत चपखल बसलं. मामा खुर्चीवर बसले आणि राहिलेलं अर्धं नाव पूर्ण केलं. नवरीचं नाव होतं चंद्रकला. चार दिवस बिचारी नुसतीच 'चंद्र' होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पण काका बाजारभर सांगून मोकळे झाले. लोक मशीन पाहायला येऊ लागले. हॉटेलवाल्यानं विचारलं, याच्यात आमदारांची भाषणं अजून असतील का. एका रिटायर पटवाऱ्यानं डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कित्येक हुकूम गेले असतीन याच्यातून." काका मान डोलावत होते. मी कोपऱ्यात तारा आवरत होते आणि धरणीमाय पोटात घे म्हणत होते.

पाचव्या दिवशी जावई आले. गाडीच्या मागच्या सीटवर खोकं. सासऱ्याला सरप्राइज म्हणून कंपनीचा कंप्युटर घेऊनच आले होते. आत येताच त्यांना माझं मशीन दिसलं.

"बाबा, हे काय?"

"असेंब्लीचा," काका ऐटीत म्हणाले.

जावयांनी मागून डबा पाहिला, स्क्रू पाहिले आणि खो खो हसत सुटले. "असेंब्ली? बाबा, हा असेंबल्ड आहे! सुटे भाग जोडलेला!"

प्रेसमध्ये सात-आठ माणसं होती. हॉटेलवाला तर होताच. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरी?"

"मी असेंबल्ड म्हटलं होतं काका. तुमी असेंब्ली ऐकलं."

"मंग तवाच दुरुस्त काऊन नाही केलं? दुरुस्तीचंच दुकान हाय न तुहं?"

खरंच लाज वाटली. म्हटलं, "चुकलं काका. तुमी हो म्हनावं म्हनून गप्प राह्यली. कार्ड नाही तं मामा नाही, म्हनून."

"उचल तुहा डबा," काका म्हणाले.

"उचलते. पन आधी या नव्यावर एक पत्रिका काढून पाहू."

जावई खूश. खोकं फोडलं, पाच मिनिटांत मशीन सुरू. मी कार्ड त्या पातळ डब्याला लावून दाखवलं. चार बोटं बाहेर राहत होतं. "त्याची गरजच नाही," जावई म्हणाले आणि मराठी सॉफ्टवेअर उघडलं. "बसा मामा."

मामा बसले. बोटं सवयीच्या जागी गेली. पडद्यावर जे उमटलं ते मराठी नव्हतं आणि तेलुगूही नव्हतं. या सॉफ्टवेअरमध्ये क कुठल्या बटणावर, म कुठल्या, सगळी मांडणीच वेगळी होती. मामांनी पुन्हा एक ओळ मारली. मग हात मांडीवर ठेवले.

"नाही जमत मले," म्हणाले आणि उठले.

"मी दाखवतो, सोपं आहे," म्हणत जावई स्वतः बसले. रामराव पाटलांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आली होती, नावं हातानं लिहिलेली. नमुन्याला एक जुनी छापील पत्रिका घेतली. तिच्यातला मजकूर तसाच टाइप करत फक्त नावं बदलत गेले. अर्ध्या तासात पत्रिका तयार. आणि खोटं कशाला बोलू, सुंदर होती. चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर नाजूक गणपती. माझ्या मशीनला असलं सात जन्मांत जमलं नसतं. हॉटेलवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"पाह्य!" काका मला म्हणाले. "छापा जावईबापू. पाचशे."

प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला. मामांनी चष्मा लावला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण तीस-चाळीस वर्षं त्या प्रेसमधला प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून गेलेला. ओळीवरून बोट फिरत फिरत एका जागी थांबलं.

"जावईबापू, रामराव पाटील कधी गेले?"

"कुठं गेले?"

"तुमी त्यांच्या नावामागं कै. लावलं. कैलासवासी. सकायी तं माह्यासंगं चहा पिले ते."

जावयांनी कागद घेतला, मग नमुन्याची पत्रिका पाहिली. त्या घरातला बाप खरोखरच वारलेला होता. जावई हैदराबादलाच वाढलेले, तेलुगू शाळेत शिकलेले. मराठी घरी बोलण्यापुरती. "मला वाटलं," ते चाचरत म्हणाले, "कै. म्हणजे श्री.पेक्षा मोठा मान."

"मोठाच हाय न," मामा शांतपणे म्हणाले. "पन त्याच्यासाठी मरावं लागते."

मग जे हसू फुटलं, ते छपाईच्या मशीनपेक्षा मोठं. जावई स्वतः डोळे पुसत हसत होते. काका तेवढे हसले नाहीत. नवरदेवाच्या बापाला मुलाच्या लग्नाआधी कैलासाला पाठवणाऱ्या पाचशे पत्रिका गावोगाव गेल्या असत्या, तर प्रेसवर कोण आलं असतं? त्यांनी तो कागद बारीक घडी करून खिशात घातला. कपाळाचा घाम पुसला.

"शंकर," ते म्हणाले, "बस."

"कोनत्या मशीनवर?"

"तुह्या."

मामा माझ्या जोडलेल्या डब्यासमोर बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्यासाठीही चहा सांगितला. समजले, माफी झाली.

जावई दिलदार निघाले. त्यांनी नवं मशीन परत नेलं नाही. वेलबुट्टी आणि गणपती त्याच्यावर, मजकूर मामांच्या मशीनवर, अशी वाटणी झाली. दोन्ही कागद एकत्र करून छापायचे. टायपिंगवाला कधी आला नाही. मामा पुढं डोळ्यांत मोतीबिंदू पिकेपर्यंत त्या खुर्चीवर होते.

आठवडाभरानं रामराव पाटील पत्रिका न्यायला आले. गोष्ट त्यांच्या कानावर गेली होतीच. त्यांनी गठ्ठा सोडला, एक पत्रिका काढून नाकाजवळ धरली आणि आपलं नाव दोनदा वाचलं.

"बरोबर हाय न शंकर?"

"हओ पाटील. श्री. लावलं. जित्ते हा तुमी."

तेव्हापासून कुणा गिऱ्हाइकानं विचारलं, मॅडम, तयार घेऊ का बांधून घेऊ, की मी किमतीचा कागद काढत नाही. विचारते, समोर कोण बसणार? लोक मालकाचं नाव सांगतात. मी म्हणते, मालक नाही, बसणाऱ्याला घेऊन या, मग बोलू.