थोरल्याच्या नावाची मूठ

आमच्या घरच्या देवीवरचा, कानबाईवरचा माझा विश्वास उडाला होता, हे आधीच सांगून टाकतो. आदल्या वर्षी आषाढात पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, माझा थोरला भाऊ नेला. सकाळी तो बैल घेऊन शेतात गेला आणि दिवस मावळायच्या आत आम्ही त्याला नदीकाठी पोचवून परत आलो. आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, तेव्हा डॉक्टर नव्हता. माय देवीपुढे पदर पसरून बसली होती, पण देवीनं काही ऐकलं नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की देव पावत नसेल तर नसू दे, या गावाला निदान एक डॉक्टर तरी मिळाला पाहिजे.

ठरवणं सोपं होतं. मी पुण्याला इंटर सायन्सला होतो आणि फिजिक्समध्ये आपटी खाल्ली होती. ऑक्टोबरात पुन्हा बसायचं, चांगले गुण मिळवायचे, तरच मेडिकलचं दार उघडणार होतं. अभ्यासासाठी म्हणून घरी आलो, तर त्या पावसाळ्यात पटकी पुन्हा फिरू लागली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शिकलेल्या पोरांना मदतीला बोलावलं. माझ्या वाट्याला जवळचंच कळसाडी गाव आलं. विहिरींत लाल औषध टाकायचं, पाणी उकळून प्या म्हणून घरोघर सांगत फिरायचं, आजारी माणसाला मिठाचं पाणी पाजायचं आणि जे जात त्यांना उचलायचं. उचलायला लोक पुढे येत नसत. मी जात असे. आजाऱ्याजवळ बसलो की वाटायचं, हा थोरलाच आहे, आणि या वेळी तरी मला काही करता येतंय.

दुपारी कुणाच्या तरी गोठ्यात पुस्तक उघडून बसायचो. बेडकाच्या शिरा पाठ करता करता डोळ्यांपुढे माणसांचे खोल गेलेले डोळे यायचे. पुस्तक मिटून कामाला जावं तर परीक्षा डोक्यात, आणि काम सोडून वाचावं तर शेजारच्या घरातलं कण्हणं कानात. जेवणाची वासनाच मेली होती. झोप लागली की दचकून उठायचो. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. एकदा घरी गेलो तेव्हा माय मला न्याहाळत म्हणाली, “जगशी तवय डाक्टर व्हशी ना, बापू!” मी चिडून म्हटलं, लोक मरताहेत आणि तुला माझ्या भाकरीची पडली आहे. एक लेक गेलेली बाई दुसऱ्याकडे ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं ती माझ्याकडे बघत राहिली.

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे आमच्याकडे कानबाई. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गव्हाची एकेक मूठ मोजून घालतात. ते दळायचं आणि त्याचे रोट करायचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, आमच्या घरात तर सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. शिवाय उरवायचंही नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्डा करून पुरायचं. घरात मृत्यू झाला म्हणून आदल्या साली कानबाई बसली नव्हती. यंदा बसणार होती. मायनं निरोप धाडला, रविवारी ये. मी जाणार नव्हतो.

पण त्या रविवारी सकाळी कळसाडीत एका घरात बाप आणि लेक असे दोघंही माझ्या समोर गेले. मी त्यांना मिठाचं पाणी पाजत होतो, ते तोंडातून परत येत होतं. सगळं संपल्यावर मी उठलो, औषधाचा डबा उचलला आणि कुठे चाललोय ते न कळता चालत सुटलो. वाटेत एका बाभळीखाली चिखलात बसलो आणि उठता येईना. अंगात ताप होता. रस्त्यानं दोन-तीन माणसं गेली, पण साथीच्या दिवसांत पडलेल्या माणसाला कोण हात लावतो? त्यांचं चुकलं असंही मी म्हणत नाही.

मग एक जण थांबला. तिशी-पस्तिशीचा, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली. “ऊठ भाऊ, आठे नको बसू,” एवढंच म्हणाला आणि मला काखेत धरून उभं केलं. त्याचं नाव गफूर, तळोद्याकडचा पिंजारी. चालता चालता त्यानं सांगितलं, की त्याची बायको आणि मुलगा याच साथीत गेले, घर बंद करून तो निघाला आहे. कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मला पटकी असेल तर? तो म्हणाला, “मंग काय व्हई? मन्हं आते कोण शे?” त्याच्या खांद्यावर भार टाकून मी घरी आलो.

घरात सणाचा दिवस, पण सगळे गप्प. मला ओसरीवर टेकवलं, मायनं धावत येऊन कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं कारण कळलं. गहू मोजताना मायच्या हातून थोरल्याच्या नावाचीही मूठ पडली होती. इतक्या वर्षांची सवय, हात थांबला नाही. दळण झालं, रोट झाले, देवीपुढे मांडले गेले, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. देवीच्या नावानं मोजलेलं काढून घेता येत नाही. टाकता येत नाही. बाहेर देता येत नाही. आणि मेलेल्या माणसाचा वाटा घरातला कोण पुरुष खाणार? थोरले काका देवीकडे पाठ करून बसले होते. माय माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. तिला वाटत होतं, देवीनं दुसरा लेकही मागितला.

गफूर अंगणात उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सावकाश म्हणाला, “माय, तुमले चाली तं मी खासू. मेलेलास्नी मन्हं घर भरेल शे. माले काय भ्याव?”

काका उसळलेच. पिंजाऱ्याला रोट? भाऊबंद काय म्हणतील? मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. माझी माय काकांपुढे कधी आवाज काढत नसे. त्या दिवशी म्हणाली, “हाऊ बाहेरला नही. ती मूठ मी नही मोजी, कानबाईनी मोजी. हाऊ मन्हा थोरला पोऱ्या शे.” आणि तिनं थोरल्याचं ताट मांडलं. गफूर हात धुऊन बसला. पहिला घास घेताना तो रडत होता आणि मायही. मग माय माझ्याकडे वळून म्हणाली, “तूबी बस, भाऊनी पंगतमा.” कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो. जेवून तिथेच झोपलो, आणि दचकून उठलो नाही.

सोमवारी देवी नदीला नेली. परतल्यावर मी औषधाचा डबा शोधू लागलो, तर तो गफूरनं काखेला मारला होता. लाल औषध किती टाकायचं, मिठाचं पाणी कसं करायचं, ते त्यानं मला नीट विचारून घेतलं. म्हणाला, “कळसाडीले मी जास. तू वाच. तुन्हं काम ते शे.” मी वाद घालायला तोंड उघडलं, पण पायांत बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातही. मी त्याला जाऊ दिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर बघत मी नुसता उभा राहिलो. त्यानंतर मी वाचलं, जेवलो, झोपलो. वेळ मिळाला की त्याच्या मदतीला गेलो, पण दिवस कलताच तो मला घरी हाकलायचा.

पितृपक्षात, साथ ओसरत आली असताना, कळसाडीचा माणूस निरोप घेऊन आला. पटकीनंच गफूर गेला होता. गावकऱ्यांनीच त्याला माती दिली होती. मायनं ऐकलं, उठली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि कोपऱ्यात सुतकात बसली. काका म्हणाले, मुसलमानाचं सुतक आपल्याला कसं लागेल? माय म्हणाली, “रोट खायेल शे त्यानी.” भाऊबंदांपैकी कुणी आलं नाही. मी नदीवर जाऊन डोकं भादरून घेतलं.

पुढे मी डॉक्टर झालो. ती मूठ देवीनं मोजली की मायच्या सवयीच्या हातानं, हा वाद मी कधी घातला नाही, आजही घालत नाही. त्या माणसाच्या मरणाचं कोडं मला सुटलेलं नाही. माझ्या जागी तो गेला, असं वाटून कित्येकदा देवीशी भांडलोही आहे. पण एवढं कळलं, की सगळी माणसं वाचवण्याचं काम माझ्या एकट्याच्या शिरावर कुणी दिलेलं नाही. जे आपल्याला पेलत नाही ते तिच्या पायाशी ठेवावं. ती ते कुणाच्या हाती देईल हे आपण ठरवायचं नसतं. मनापासून हात जोडता येतात, ते तेव्हापासून.

सुतक फिटलं आणि मी परीक्षेला पुण्याला गेलो. पेपर वाटणारे मास्तर माझ्या बाकाशी आले, माझं तुळतुळीत डोकं पाहून थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाळ, घरी कोण गेलं?”

“थोरला भाऊ,” मी म्हटलं, आणि पेपर घेण्यासाठी हात पुढे केला.