राजेळीचं वेगळं पिल्लू

निर्मळचं तळं मागं पडलं तरी आनंदीबाई थांबायचं नाव घेईनात. भुईगावहून निघून दीड तास झाला होता. त्यांचं वय एकाहत्तर, खांद्यावर रिकामी पिशवी. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि धाप लागली होती मला. मी दोनदा रिक्षा सुचवली. पण रोप मागायला जायचं ते पायीच, असं त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेलं. "रिक्षातून आलेलं रोप मिजास करतं," त्या म्हणाल्या.

आम्ही नंदाखालला मर्लिनबाईंच्या वाडीत निघालो होतो. आनंदीबाईंची राजेळी केळ तिथं तरी उरलीय का, एवढंच बघायचं होतं.

त्यांच्या वाडीत चाळीस वर्षं राजेळीच होती. उन्हात वाळवलेली त्यांची सुकेळी मी लग्न होऊन वसईत आले तेव्हापासून खात आले. तीन वर्षांपूर्वी मर रोग आला. पानं पिवळी पडून लोंबली आणि वर्षभरात अख्खी वाडी गेली. शेजारची दुसऱ्या जातीची केळी मात्र हिरवीगार. आपल्या हातून देवाचं काही करायचं राहिलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

मी दहावीला विज्ञान शिकवते. म्हटलं, "काकू, देवाचं नाही राहिलं काही. राजेळीला बी नाही, तुम्ही बुंध्याशी फुटलेलं पिल्लू लावता. म्हणजे सासूबाईंनी आणलेली पहिली केळ आणि तुमची शेवटची, आतून एकच. एकीला मारणारा रोग सगळ्यांना मारणार."

मग आमच्या भजनी मंडळाच्या, एकीवरून दुसरी हातानं उतरवत आलेल्या वहीचं उदाहरण दिलं. प्रत्येक पेशीत त्या जिवाच्या घडणीची एक वही असते, तिला डीएनए म्हणतात. नवी पेशी झाली की वही पुन्हा उतरवून काढायची. उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी काहीच होत नाही, काहींनी झाड बिघडतं, आणि एखादीमुळं ते रोगाला पुरून उरतं. रोग आला की तेवढंच झाड मागं राहतं, आणि पुढची पिल्लं त्याचीच. लाखो वर्षं असंच चाललंय.

"म्हणजे तो वरचा सगळ्याच चुका खोडत नाही," त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटतं, पण वर्गात मी एवढं बोलत नाही.

चालता चालता त्यांनी कबूल केलं, की आखूड बुंध्याचं, वाकड्या पानांचं पिल्लू दिसलं की त्या दरवर्षी कोयता चालवायच्या. "वाडी कशी गणवेशातल्या पोरींसारखी दिसायला हवी, असं वाटायचं मला." एकच आखूड पिल्लू वाचलं. बारा वर्षांपूर्वी इतर पिल्लांबरोबर तेही मर्लिनबाईंना दिलेलं, कारण शाळेपासूनची ही मैत्रीण कशालाच नको म्हणत नाही.

मर्लिनबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. "आलीस? बारा वर्षांनी आठवण झाली, तीही केळ्याची," म्हणाल्या आणि लसूण तसाच टाकून उठल्या.

त्यांच्याही राजेळीच्या दोन ओळी रोगानं गेल्या होत्या. पण मोरीच्या पाण्यावर ती आखूड केळ उभी होती, घड अंगावर घेऊन. आनंदीबाई तिच्याभोवती दोनदा फिरल्या, पानं उलटून पाहिली. मर्लिनबाईंनी घरातून आदल्या घडाचं पिकलेलं केळं आणून दिलं. आनंदीबाईंनी डोळे मिटून खाल्लं.

"राजेळीच गो," त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मर्लिनबाईही हसायला लागल्या, आणि दोघींकडं बघून मीही.

मी आपलं मास्तरकीनं सांगितलं, की एक झाड वाचलं म्हणजे ते रोगाला दाद देतच नाही असं सिद्ध होत नाही, नुसतं नशीबही असेल.

"बाजूच्या सगळ्या मेल्या, ही उभी," मर्लिनबाई म्हणाल्या. "आता काय तिनं तुला पत्र लिहायचं?"

दोन पिल्लं काढली. मुळं तासली, औषधाच्या पाण्यात बुडवली, पिशवीत घातली. फाटकाशी आल्यावर आनंदीबाईंनी त्यातलं एक उचलून माझ्या हातात दिलं.

"हे तू तुझ्या सोसायटीच्या मागं लाव. माझ्या मातीत रोग अजून आहे. तरी दुसरं तिथं लावून बघते, टिकलं तर खरं. पण दोन्ही एकाच वाडीत नकोत. आणि मेघना, उद्या हिच्या पायाशी कसलं वेडंवाकडं पिल्लू आलं, तर तुमच्या माळ्याला कोयता लावू देऊ नकोस. आधी मला बोलाव."