स्पेनच्या पोरीचा पाय

दोन हजार तेवीस साल. मला बाहत्तरावं चालू होतं आणि मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला मुलाकडं राहत होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी स्पेनची एक पोरगी राहायला आली. एकोणीस वर्षांची. फुटबॉल खेळायची, फॉरवर्ड. म्हणजे पुढं राहून गोल मारायचं काम.

इकडं कॉलेजला सुट्टी लागली की खेळाडू पोरी कुठल्या कुठल्या गावच्या टीमकडून खेळायला जातात. पगार नाही. राहायला कुणाचं तरी घर बघून देतात. माझी नात त्याच क्लबात लहान मुलींच्या टीममध्ये होती. तिनं हट्ट धरला आणि सूनबाईनं वरची खोली रिकामी केली. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी पोरीला मैदानावर कोण सोडणार हा प्रश्न निघाला. मुलगा ऑफिसात, सूनबाई औषधाच्या दुकानात. मी म्हटलं, "मी सोडतो."

मुलगा म्हणाला, "बाबा, फ्रीवे घ्यायचा नाही हं."

"चौतीस वर्षं ट्रक चालवलाय मी."

"तेच तर म्हणतोय. हा ट्रक नाही."

मी चौथी शिकलेला. इकडच्या लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. नातीनं रस्त्यावरच्या खुणांची चित्रं माझ्याकडून घोकून घेतली आणि तिसऱ्या खेपेला पास झालो. ते लायसन मी खिशात ठेवतो, कपाटात नाही.

पोरीला इंग्रजी बेताचं, मला त्याहून बेताचं. गाडीत आम्ही बोलत नव्हतो. एकदा तिनं फोनवर तिच्या बापाचा फोटो दाखवला. बाप मासळीची लॉरी चालवतो. लॉरीला टेकून उभा होता. मी फोटो मोठा करून टायर बघितले, पार घासून गुळगुळीत. बोट दाखवून मान हलवली. ती हसली. त्यानंतर ती रोज पुढं माझ्याशेजारी बसायला लागली.

तिची बाकी हकिकत नातीकडून कळली. नात शाळेत स्पॅनिश शिकते. ती तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायची, स्वतःशी इंग्रजीत जुळवायची आणि मला मराठीतनं सांगायची, त्यामुळं वाटेत काय सांडलं कोण जाणे. पोरीच्या गावात मुलींची टीम नव्हती म्हणून ती मुलांत खेळली. मोठी झाल्यावर मुलांत खेळू देईनात, मग रोज बसनं दुसऱ्या गावाला. तिथनं एका मोठ्या क्लबनं उचलली, राखीव टीममध्ये ठेवली आणि वर्षभरानं सोडून दिली.

"का सोडली?" मी विचारलं.

"टू स्मॉल म्हणाले," नात म्हणाली. "म्हणजे बुटकी, आजोबा. मग ती इकडं कॉलेजला आली, स्कॉलरशिपवर."

आता ती स्कॉलरशिपही डुगडुगत होती. कॉलेजात वर्षभर खेळून तिच्या नावावर दोनच गोल. इकडं उन्हाळ्यात एकही नाही. मॅच अर्ध्यावर आली की कोच तिला बाहेर बोलवायचा. ती येऊन बेंचवर बसायची आणि डोक्यावर टॉवेल घ्यायची. परतताना गाडीत झोपायची. मी सिग्नलला हळू ब्रेक लावायचो.

त्या उन्हात तिला तिचं थकणं आणि मला माझं. दमट हवा, अंगाला कपडा चिकटलेला. ती खेळते तोवर मी गाडीत बसून राहायचो. नुसत्या उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं मला आवडत नाही, त्यामुळं एसी बंद. घरी आलो की खुर्चीत पडून मी म्हणायचो, "पाय दुखतो गं." सूनबाई मलम आणून द्यायची. हे रोजचं झालं होतं.

ऑगस्ट लागायच्या आधी शेवटची मॅच होती, घरच्या मैदानावर, शनिवारी. पगारी टीमचा एक माणूस खास तिला बघायला येणार होता. कोचनं तिला सांगितलं, सुरुवातीपासून तूच पुढं खेळायचंस. त्या माणसाला आवडली तर पुढं दार उघडं, आणि कॉलेजवालेही मग स्कॉलरशिप काढून घ्यायला कचरले असते. नाही आवडली तर गावी परत, मासळीच्या बर्फात हात घालायला. बर्फाचं ती स्वतः बोलली होती, असं नातीनं सांगितलं.

गुरुवारी सरावानंतर ती गाडीत बसली तेव्हा तिनं डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मी बघितलं. मी बघितल्याचं तिनंही बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी गाडी काढली.

शुक्रवारी ती जिना उतरताना कठड्याला धरून आडवी उतरत होती. माझी चाहूल लागल्यावर सरळ झाली.

आमच्या धंद्यात एका ड्रायव्हरचं दुखणं दुसरा ड्रायव्हर मालकाला सांगत नसे. मीही आयुष्यात कुणाचं सांगितलं नाही. पण ही काही ड्रायव्हर नव्हती, आणि माझ्या नातीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठी होती. शुक्रवारभर मी त्याच विचारात होतो आणि विचार करून करूनच दमलो.

शनिवारी सकाळी सगळे पोहे खायला बसलो होतो. पोरगीही समोरच. इकडच्या आपल्या लोकांना एक सवय आहे. समोर परका माणूस असला की त्याच्याबद्दल त्याच्या तोंडावर मराठीत बोलायचं. दुकानाच्या रांगेत बोलतात, लिफ्टमध्ये बोलतात. मलाही ती लागली होती. आणि पाठीमागं बोलणं मला पटतही नाही. लिंबू मागावं तशा आवाजात, ताटाकडं बघत मी म्हटलं, "सूनबाई, हिचा पाय दुखतोय. डावा, मांडीच्या मागं. आज हिला पळू देऊ नका."

चमचा ताटलीवर वाजला.

"नो," पोरगी म्हणाली. "पाय नो दुखतो."

नात फिसकन हसली. दोन महिने रोज संध्याकाळी पोरगी हे शब्द ऐकत आली होती, माझ्याच तोंडून.

ती उठली. टेबलाजवळच एका पायावर, डाव्याच, उड्या मारायला लागली. कपबशा हलल्या. तोंड पांढरंफटक पडलं होतं तरी थांबेना. "सी?" सूनबाईला म्हणाली. "फाइन."

मुलगा माझ्यावर उखडला. "बाबा, तुम्हाला काय करायचंय मध्ये पडून? तिच्या करिअरचा प्रश्न आहे."

"म्हणून तर बोललो."

"आणि तुम्ही काय केलंत? कंबर धरलेली असताना चेन्नईला माल पोचवला, हे येईल जाईल त्याला तुम्हीच सांगता ना?"

सांगतो. खरं आहे. मी आणखी पोहे वाढून घेतले.

सूनबाईनं कपाळाला हात लावला. "मला कोचला फोन करावा लागेल. आपल्या घरी राहतेय ती. उद्या काही झालं तर तिच्या आईला मी काय सांगू?"

"अगं, ती फाइन म्हणतेय ना," मुलगा म्हणाला.

"तोंड बघ तिचं."

सूनबाई फोन घेऊन बाहेर गेली. पोरीला कळायचं ते कळलं. वर जाता जाता माझ्या खुर्चीपाशी थांबली आणि हळू आवाजात तिच्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय म्हणाली गं?" मी नातीला विचारलं.

"आय डोंट नो, आजोबा. हे वर्ड्स आम्हाला शाळेत शिकवत नाहीत."

मैदानावर क्लबाच्या दुखापती बघणाऱ्या माणसानं तिची मांडी दाबून बघितली. ती हूं की चूं करीना, पण कोचनं तिला बेंचवर बसवलं. मॅच बघायला बसायच्या पायऱ्यांचा पत्रा तव्यासारखा तापला होता. आमच्या ओळखीचे एक काका शेजारी येऊन बसले.

"तुमची स्पेनवाली कुठाय?"

"बसलीय."

"अरे, आम्ही तिच्यासाठी एवढा ड्राइव्ह करून आलो यार."

मी मॅच बघतच नव्हतो. मी त्या पगारी टीमच्या माणसाकडं बघत होतो. खालच्या पायरीवर टोपी घालून बसला होता. पहिला अर्धा भाग त्यानं नीट बघितला. नंतर फोनमध्ये डोकं घातलं. टीम एका गोलनं मागं पडली तेव्हा शेवटी शेवटी कोचनं पोरीला आत सोडलं. माणसानं मान वर केली. मला जरा बरं वाटलं.

ती पळाली. अनोळखी माणसाला काही कळलं नसतं. एकदा चेंडू थेट तिच्या डाव्या पायासमोर आला, गोल समोर उघडा. तिनं तो उजव्या पायावर घ्यायला वेळ लावला आणि तेवढ्यात समोरचीनं काढून नेला. टोपीवाला उठला, पँट झटकली आणि निघून गेला. मॅच अजून संपायची होती.

परतताना ती सूनबाईच्या गाडीत बसली. नातही. मी एकटाच आलो, फ्रीवेवरनं. घरी कुणाला बोललो नाही.

सूनबाई म्हणाली, बरं झालं सांगितलंत. मुलगा म्हणाला, पहिल्यापासून खेळली असती तर निदान त्या माणसानं तिला धड बघितलं तरी असतं. दोघं माझ्यासमोर माझ्यावरनं भांडत होते. पाय ठणकत होते, पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. टोपीवाल्याचा फोन पुढंही कधी आला नाही. स्कॉलरशिप एका वर्षापुरती टिकली, तीही कमी करून. ती खेळली असती तर काय झालं असतं हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि मीही कुणाला विचारायला गेलो नाही. मला दिसलं ते मी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीमच्या डॉक्टरनं तिला बोलावलं होतं. मुलगा नेणार असं ठरलं होतं. मी आधीच उठलो, गाडी बाहेर काढली, एसी लावला आणि आत बसून राहिलो. मुलगा किल्ली घेऊन बाहेर आला.

"बाबा, मी नेतोय."

"जा, झोप जा. रविवार आहे."

पोरगी दारात येऊन उभी राहिली. आमच्या दोघांकडं बघितलं. मग एकेक पायरी करत खाली आली, मागचं दार उघडलं, पाय सीटवर लांब करून बसली आणि पत्ता लावलेला फोन पुढं दिला. इकडच्या रस्त्यांना खड्डे नसतात. तरी मी गाडी हळूच नेली.