गच्चीवरचा भाडेकरू

माण गावात आमच्या घराच्या वरच्या खोलीत नागपूरकडचा एक भाडेकरू राहतो. सुटीच्या दुपारी तो गच्चीवर हेडफोन लावून डोळे मिटून बसतो. हाक मारली, की दूरच्या गावाहून परतल्यासारखा पाहतो. ऑडिओची मासिकं हेडफोनवाल्यांना खिजगणतीत धरत नाहीत, ही त्याची खंत. म्हणून त्याने एका मासिकाला लेख पाठवला होता.

परवा मी आणि आई गच्चीवर भात वाळत घालत होतो, तेव्हा त्याला त्या मासिकाच्या संपादकांचा फोन आला. त्यांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "हेडफोन राहू द्या, मोठ्या स्पीकरवर लिहा. लगेच छापतो."

"नाही सर," तो हळूच म्हणाला.

मग त्याने हेडफोन आईच्या कानांवर ठेवले. आईने डोळे मिटले.

"गाणारी बाई श्वास घेतीया, त्योबी ऐकू येतोय," ती म्हणाली.

"काकू, एवढंच तर लिहिलं होतं मी."